उचलली जीभ, लावली टाळ्याला: मालकाच्या एका पोस्टने कंपनीचे काम बिघडू नये म्हणून

रागाच्या भरात टाकलेली पोस्ट ज्याच्यासाठी लिहिलेली असते तो ती एकदा वाचतो आणि बहुधा हसतो. बाकी वाचणारे वेगळेच असतात. कर्जाची फाइल हातात असलेला बँक मॅनेजर, पंचायतीचा सचिव, प्रदूषण नियंत्रण मंडळातला अभियंता, पुढच्या हंगामासाठी खोल्या घेणारा मुंबईचा एजंट, समोरच्या पक्षाचा वकील, शिवाय आपलाच कामगार. कंपनीचे काम यांच्यापैकी कोणाच्या तरी सहीवर अडलेले असते. ज्याने डिवचले त्याच्या हातात काहीच नसते, आणि उत्तर मात्र त्यालाच दिले जाते.

मोठ्या कंपन्यांत जनसंपर्काचे खाते असते, वकील असतात. गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, थिवी, पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत किंवा कळंगुट-कोलव्याच्या हॉटेलांत बहुतेक वेळा मालक असतो, त्याचा फोन असतो आणि फार तर इन्स्टाग्राम सांभाळणारी भाची असते. पुढची पद्धत त्या मापाची आहे. तयारीला एक दुपार पुरते, मात्र ती वाद पेटण्याआधीची हवी.

नुकसान नेमके कुठून होते

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी ओलाच्या धूळ खात पडलेल्या स्कूटरींचा फोटो टाकून दुरुस्ती सेवेबद्दल प्रश्न विचारला. ओलाचे प्रमुख भाविश अगरवाल यांनी उत्तरात त्यांच्या विनोदी कारकिर्दीला अपयशी म्हटले, ट्वीट पैसे घेऊन केल्याचे सुचवले आणि इकडे येऊन मदत करा, तुमच्या कमाईहून जास्त देतो, असेही लिहिले. दुसऱ्या दिवशी ओला इलेक्ट्रिकचा शेअर ८ टक्क्यांहून अधिक घसरला. त्याच दिवशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीस आली, तिच्यामागे वर्षभरातल्या १०,६४४ तक्रारी होत्या. या तक्रारी पोस्टमुळे जन्मल्या नव्हत्या, आधीपासून होत्याच. पण सेवा केंद्राबाहेर ताटकळलेल्या ग्राहकाला वाटले की आपल्यालाच हिणवले, आणि तोवर विखुरलेल्या तक्रारींना एक चेहरा मिळाला.

दुसरे उदाहरण जास्त शिकवते, कारण त्यात रागही नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या विहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार मेले. ३० मे रोजी कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले की लोकांच्या आयुष्यात एवढा व्यत्यय आला याबद्दल आम्ही माफी मागतो. हे संपावे असे माझ्याइतके कोणालाच वाटत नसेल. मला माझे आयुष्य परत हवे आहे. माफी होती, तीही सगळ्यात आधी. जगाने शेवटचे वाक्य तेवढे उचलले. त्यांना त्या वाक्याबद्दल पुन्हा माफी मागावी लागली आणि १ ऑक्टोबरला पद दुसऱ्याकडे गेले. माफीचे वाक्य झाले की तोंड मिटायचे, हे तिथे कोणी त्यांना सांगून ठेवले नव्हते. थकलेला माणूस तिसऱ्या वाक्यापासून स्वतःबद्दल बोलू लागतो. आपल्याकडच्या अपघातांनंतर 'आमचेही फार नुकसान झाले आहे' हे वाक्य नेमके त्याच जागी येते.

पायरी १: काय हवे आहे ते एका ओळीत

कागदावर एकच ओळ लिहा: 'मला ___ कडून ___ तारखेपर्यंत ___ हवे आहे.' उदाहरणार्थ, 'मला प्रदूषण मंडळाकडून डिसेंबरपर्यंत संमतीपत्राचे नूतनीकरण हवे आहे.' ओळ पूर्ण होत नसेल तर सार्वजनिकपणे बोलायचे कारणच नाही. पूर्ण झाली, तर तिच्यातली पहिली रिकामी जागा हाच खरा वाचक. त्याने हे वाचले तर सही लवकर होईल की उशिरा, एवढ्याच कसोटीवर पुढचा मजकूर पारखायचा. 'त्याला धडा शिकवायचा आहे' हे उत्तर या ओळीत बसत नाही, म्हणून तर ती लिहायची.

पायरी २: कोणत्या विषयावर एकट्याने बोलायचे नाही, त्याची यादी

'महत्त्वाचे असेल तर मला दाखवा' असा नियम चालत नाही. रागावलेल्या माणसाला ते कधीच महत्त्वाचे वाटत नाही. याचा सगळ्यात महागडा पुरावा टेस्लाचा आहे. ७ ऑगस्ट २०१८ रोजी इलॉन मस्क यांनी ट्वीट केले की ४२० डॉलर भावाने कंपनी खाजगी करण्याचा विचार आहे, पैशाची सोय झाली आहे. अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्यावरून सप्टेंबरात खटला भरला. तडजोडीत मस्क आणि टेस्ला यांना प्रत्येकी २ कोटी डॉलर भरावे लागले आणि मस्क यांचे अध्यक्षपद तीन वर्षांसाठी गेले. २०२३ मध्ये भागधारकांच्या दाव्यात ज्यूरीने त्यांना जबाबदार धरले नाही हे खरे. पण ज्यासाठी ट्वीट केले होते ती योजना १७ दिवसांत, २४ ऑगस्टलाच, गुंडाळली गेली होती.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. तडजोडीत अट होती की महत्त्वाची ठरू शकेल अशी माहिती टाकण्यापूर्वी मंजुरी घ्यावी. फेब्रुवारी २०१९ मध्ये गाड्यांच्या उत्पादनाच्या आकड्यावरून पुन्हा ट्वीट झाले, पुन्हा कोर्ट. एप्रिलमध्ये अट बदलली आणि विषयांची नावेच लिहिली गेली: आर्थिक स्थिती, विलीनीकरण, उत्पादनाचे आणि विक्रीचे आकडे, नवे व्यवसाय वगैरे. तीच युक्ती एका पानावर करा. गोव्यातल्या मध्यम कंपनीसाठी पानावर निदान हे असावे:

– न्यायालयात, लवादात किंवा चौकशीत असलेले काहीही. कामगार आयुक्तांपुढचा वाद आणि किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची नोटीसही यातच आली.
– अपघात, आजार, विषबाधा, मृत्यू.
– कोणत्याही माणसाचे नाव: ग्राहक, गेलेला कर्मचारी, सरपंच, आमदार, पत्रकार.
– आकडे: उलाढाल, नोकऱ्या, गुंतवणूक, विस्तार, जमीन.
– परवाने आणि त्यांची स्थिती.
– दुसऱ्या कंपनीकडून मिळालेली ऑर्डर.

शेवटच्या ओळीकडे लहान पुरवठादारांचे हमखास दुर्लक्ष होते. तुमची कंपनी शेअर बाजारात नसेल, पण ज्यांना तुम्ही माल देता ती असू शकते. 'अमुक कंपनीच्या नव्या प्रकल्पाची मोठी ऑर्डर मिळाली' असे लिंक्डइनवर अभिमानाने लिहिले आणि तो प्रकल्प त्या कंपनीने अजून शेअर बाजाराला कळवलेला नसेल, तर तुम्ही तिची भावसंवेदनशील, म्हणजे शेअरचा भाव हलवू शकणारी, माहिती फोडलेली असते, आणि सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगविषयक नियम तिथपर्यंत पोहोचतात. ऑर्डर राहिली बाजूला, पुढच्या वेळी तुमचे नाव पुरवठादारांच्या यादीतून जाईल. ज्यांची स्वतःची कंपनी बाजारात आहे त्यांच्यासाठी क्रम ठरलेला आहे: आधी शेअर बाजाराला, मग जगाला. संचालक मंडळाच्या बैठकीतले ठराविक निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत (बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तासांत), कंपनीतून उद्भवलेली महत्त्वाची घटना १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत कळवायची. सत्कार समारंभातल्या भाषणात आकडा निसटला तर घड्याळ तिथूनच सुरू होते.

पायरी ३: लॉकरसारख्या दोन चाव्या

बँकेचा लॉकर एका किल्लीने उघडत नाही. खातीही तशीच ठेवा. कंपनीच्या फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि गुगलवरच्या पानांचे पासवर्ड मालकाच्या फोनवर नकोत. मालकाने मजकूर द्यायचा, दुसऱ्याने टाकायचा. मालकाचे वैयक्तिक खाते राहतेच, आणि 'ही मते वैयक्तिक आहेत' या ओळीला गावात कोणी धूप घालत नाही. म्हणून वरची यादी वैयक्तिक खात्यालाही लागू करा.

दुसरी चावी कोणाकडे? इथे बहुतेक घरगुती कंपन्या चुकतात. पगारावर असलेला मॅनेजर पात्रांवाला, म्हणजे मालकाला, 'हे टाकू नका' असे सहसा सांगत नाही, आणि सांगितले तरी दुसऱ्यांदा सांगत नाही. सीए, जुना वकील, धंद्यात नसलेली बहीण, अशा कोणाला तरी तो अधिकार द्या, आणि लेखी द्या: 'यादीतल्या विषयावरचा मजकूर हिने होकार दिल्याशिवाय जाणार नाही. तिने नकार दिला तर १२ तास थांबायचे.' तिला कारण द्यावे लागू नये. 'भाई, आता नको' एवढे पुरे. कारण मागितले की वाद सुरू होतो आणि वादात आवाज मोठा असलेला जिंकतो.

यंत्रातल्या सोयी फार थोड्या मदतीच्या आहेत, तरी लावून ठेवा. जीमेलमध्ये पाठवलेले परत घेण्याची मुदत मुळात ५ सेकंद असते, ती ३० करून घ्या. व्हॉट्सअॅपवर संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि दोन दिवसांहून थोडा अधिक काळ सर्वांसाठी पुसता येतो, पण पुसल्याची खूण मागे राहते आणि तिच्याच खाली कोणीतरी 'काय होते?' विचारतो. ज्याच्याकडे स्क्रीनशॉट आहे तो उत्तर देतो.

संघटनेच्या ग्रुपवरचा व्हॉइस मेसेज तर खाजगी समजूच नका. लिहिलेले निदान अर्धे लोक वाचत नाहीत. आवाज सगळे ऐकतात आणि त्यातली चीडही ऐकू येते. बंद दाराआडचे बोलणेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या प्रमुखांचा कर्मचाऱ्यांशी बोलतानाचा व्हिडिओ बाहेर आला. रविवारीही काम करावे, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असा तो सूर होता. कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला.

पायरी ४: पहिले काही तास

काहीच न बोलणे हा उपाय नाही. मॅगीचे २०१५ चे प्रकरण गोव्याला जवळचे आहे, कारण डिचोलीच्या कारखान्यातही मॅगी बनते. मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्या नमुन्यांवरून शिशाची चर्चा पेटली तेव्हा कंपनी आपल्या तपासण्यांवर विसंबून बराच काळ बेताचेच बोलली. ५ जूनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदीचा आदेश काढला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, नव्याने तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये माल दुकानात परतला. म्हणजे कायद्याच्या लढाईत बाजू टिकली, पण मधले पाच महिने फळी रिकामी राहिली. पहिल्या आठवड्यात ग्राहकाला एकच साधे उत्तर हवे होते: मुलाला द्यायचे की नाही?

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिल्या १५ मिनिटांत फक्त साठवा: व्हिडिओ, पोस्टची लिंक, वेळ, स्क्रीनशॉट. लाइक नाही, इमोजी नाही. मग जागेवरच्या माणसाला फोन करून तीन गोष्टी विचारा: काय झाले, आता सुरू आहे की थांबले, कोणाला इजा झाली का. इजा असेल तर बाकी सगळे मागे. आधी रुग्णालय, मग घरच्यांना फोन, मग कारखाने व बाष्पक निरीक्षणालय किंवा संबंधित खाते, आणि त्यानंतर लोकांसाठी ओळ. मृताचे किंवा जखमीचे नाव घरच्यांना कळण्याआधी कंपनीकडून बाहेर जाता कामा नये. गाव लहान असते, ग्रुपवरून बातमी घरी पोहोचली तर ते कुटुंब तुम्हाला जन्मभर माफ करणार नाही.

तासाभरात एक तात्पुरती ओळ जाऊ द्या. ती आधीच लिहून ठेवता येते: 'आज सकाळी ___ येथे ___ झाले. आम्ही जागेवर आहोत. ___ बंद ठेवले आहे. पुढची माहिती ___ वाजता देऊ.' दिलेली वेळ पाळायची. सांगण्यासारखे नवे काही नसेल तर त्या वेळी 'अजून तपासणी चालू आहे, पुढची माहिती अमुक वाजता' असे लिहायचे. सविस्तर मजकूर रात्री ९ नंतर लिहिलाच तरी सकाळी ९ पर्यंत टाकायचा नाही. जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

पायरी ५: मसुदा चाळणीतून काढणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समजा, फोंडा तालुक्यात काजू भाजण्याचा कारखाना आहे. काजूच्या टरफलातले तेल जळले की धूर काळा आणि झोंबणारा निघतो. वाड्यावरच्या, म्हणजे जवळच्या वस्तीतल्या, कोणीतरी सकाळच्या धुराचा व्हिडिओ टाकला. रविवारी ग्रामसभा आहे आणि मंडळाकडे संमतीपत्राचे नूतनीकरण अडकले आहे. रात्री मालक लिहितो:

'काही लोकांना गावाचा विकास बघवत नाही. आमचा कारखाना २२ वर्षे चालू आहे, तेव्हा कोणाला धूर दिसला नाही. आमच्याकडे सगळे परवाने आहेत. १५० घरे आमच्यावर चालतात. ज्याला धूर लागतो त्याने आधी स्वतःचे बेकायदा बांधकाम बघावे. व्हिडिओ टाकणाऱ्यावर मानहानीचा दावा करणार.'

सहा वाक्ये, आणि सहाही कारखान्याच्या विरोधात वापरता येतात.

'काही लोकांना' म्हटल्यावर वाड्यावरचा जो तोवर कोणाच्याच बाजूने नव्हता, तोही स्वतःला त्या 'काही' लोकांत मोजतो. ग्रामसभेत हात वर करणारे वाढतात. '२२ वर्षे' हे मालकाला बचाव वाटते, वकिलाला कबुली वाटते: धूर २२ वर्षांपासून येतो आहे, असा तिचा अर्थ लावता येतो. 'सगळे परवाने' खोटे ठरवायला माहिती अधिकाराचा एक अर्ज आणि ३० दिवस पुरतात. नूतनीकरण अडकलेले असताना 'सगळे' हा शब्द निघाला, तर विषय धुरावरून खोटेपणावर जातो आणि तिथून परत आणता येत नाही. '१५०' हा आकडा भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत ६० निघाला तर उरलेले ९० कुठे आहेत, हे विचारायला दुसरेच खाते येईल.

बांधकामाचे वाक्य सगळ्यात घातक. १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. आरोप खरा आहे एवढ्याने सुटका होत नाही, तो जाहीर करण्यात लोकहित होते हेही दाखवावे लागते. शेजाऱ्याच्या पडवीचे लोकहित धुराच्या वादात दाखवणे कठीण. आणि दाव्याची धमकी? दावा खरेच करायचा असेल तर वकील नोटीस पाठवतो, पोस्ट टाकत नाही. धमकीने व्हिडिओ दहा ग्रुपांत होता तो शंभरात जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या पर्यटकांच्या घटत्या आकड्यांबद्दल एका उद्योजकाने एक्सवर पोस्ट टाकली, पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार केली, आणि ज्यांनी ती पोस्ट पाहिलीच नव्हती त्यांनीही बातमीमुळे शोधून वाचली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता लाल पेन घ्या. विशेषणे काढा. दुसऱ्याच्या हेतूबद्दलचे प्रत्येक वाक्य काढा, कारण हेतू सिद्ध करता येत नाही. 'पण'च्या आधीची माफी आणि 'पण'नंतरचा खुलासा एकत्र असतील तर 'पण'पासून पुढचे काढा. ज्या आकड्यासमोर फाइलचे पान दाखवता येत नाही तो आकडा काढा. 'लवकरच', 'योग्य ती पावले', 'शक्य तितक्या' यांच्या जागी वार आणि वेळ घाला. घालता येत नसेल तर वाक्यच काढा. उरते ते असे:

'काल सकाळी आमच्या भट्टीतून काळा धूर आला, तो व्हिडिओ आम्ही पाहिला. भट्टी काल दुपारी १२ पासून बंद आहे. धुराड्याची तपासणी मंगळवारी होईल, अहवालाची प्रत त्याच दिवशी पंचायतीला देऊ. रविवारच्या ग्रामसभेला मी स्वतः येईन. कोणाला त्रास झाला असेल तर या क्रमांकावर सांगा.'

यात नम्रपणाचे नाटक नाही. प्रत्येक वाक्य कोणीही तपासू शकतो, आणि मंडळातला अभियंता हा मजकूर फाइलला लावू शकतो. अर्थात भट्टी बंद केलेली नसेल तर तसे लिहायचे नाही. व्हिडिओच दुसऱ्या कारखान्याचा असेल तर उत्तर आणखी लहान: चिमणी कशी ओळखावी ते सांगा, आपल्या चिमणीचा त्याच कोनातला फोटो द्या, थांबा.

हॉटेलवाल्यांसाठी हीच चाळणी, फक्त लहान. गुगलवरच्या एक तारेच्या अभिप्रायाला उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चार वाक्यांत. पाहुण्याची खोली, बिल, सोबत कोण होते, किती प्यायला होता, यातले काहीही लिहायचे नाही. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा बाजूला ठेवला तरी उत्तर वाचणारा पुढचा पाहुणा विचार करतो की उद्या माझ्याबद्दलही हे असेच लिहितील, आणि शेजारच्या हॉटेलात खोली घेतो.

पायरी ६: तीन भाषा, एकच अर्थ

गोव्यात मराठी, कोकणी आणि इंग्रजी तिन्हींत मजकूर लागतो आणि गोंधळ बहुधा मधल्या फटीत होतो. 'स्थानिकांना प्राधान्य देऊ' हे वाक्य घ्या. मालकाच्या मनात स्थानिक म्हणजे गोमंतकीय. वाड्यावर स्थानिक म्हणजे आपल्या गावातला, फार तर आपल्या वाड्यावरचा. दोन महिन्यांनी सत्तरी तालुक्यातला मुलगा कामावर लागला की तुम्ही शब्द फिरवलात असे होते. म्हणून शब्दाऐवजी मोजमाप द्या: या पंचायत क्षेत्रातले किती, तालुक्यातले किती, कोणत्या पदांवर. 'भायले' (बाहेरचे) हा शब्द कोणत्याही भाषेत, कोणत्याही अर्थाने, विनोदातही नको. तुमच्या भट्टीवर ओडिशाचा माणूस उभा असतो.

ज्या भाषेत मालक ग्रामसभेत बोलणार त्या भाषेत मूळ मजकूर लिहा. भाषांतर दुसऱ्याने करावे आणि तिसऱ्याने ते मूळ न बघता मोठ्याने वाचून 'यात काय कबूल केले आहे?' एवढे सांगावे. तिन्ही मजकूर एकाच वेळी द्या. इंग्रजी सकाळी आणि मराठी संध्याकाळी गेले तर मराठी वाचकाला उरलेसुरले मिळाले असे वाटते.

पत्रकाराचा फोन

फोन उचला. 'किती वाजेपर्यंत हवे?' हा पहिला प्रश्न. मग 'अर्ध्या तासात लेखी पाठवतो' म्हणा आणि खरेच पाठवा. बोलता बोलता दिलेले अर्धे वाक्य मथळा होते. 'हे छापू नका' असे बोलून झाल्यावर म्हणण्याला अर्थ नाही. ती गोष्ट बोलण्याआधी दोघांनी मान्य केलेली असावी लागते. 'काही बोलायचे नाही' हेही छापले जाते, आणि वाईट दिसते. त्यापेक्षा 'हा विषय न्यायालयात आहे, पुढची तारीख अमुक' हे खरे आणि पुरेसे.

स्टेजवर विनोद सुचला तर जेरल्ड रॅटनर यांना आठवा. २३ एप्रिल १९९१ रोजी लंडनमध्ये उद्योगपतींच्या सभेत त्यांनी आपल्याच दुकानातल्या स्वस्त वस्तूंची टिंगल केली, सभागृह हसले. कंपनीचे मूल्य सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरले, पुढच्या वर्षी त्यांना कंपनी सोडावी लागली आणि १९९३ मध्ये कंपनीचे नावच बदलले. मडगावच्या हॉटेलातल्या वार्षिक सभेतही मागच्या रांगेत कोणीतरी फोन उभा धरलेला असतो.

चूक होऊन गेली असेल तर

पोस्ट गुपचूप पुसू नका. त्या विषयावर खटला किंवा चौकशी चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय मुळीच पुसू नका, कारण पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप उभा राहतो. नसेल तर प्रत साठवून ठेवा, पोस्ट काढा आणि काढल्याचे सांगा.

ज्याच्याबद्दल लिहिले त्याला आधी फोन, तोही मालकाने स्वतः. मग जाहीर दुरुस्ती, जिथे चूक झाली त्याच जागी आणि त्याच भाषांत: काय चुकीचे लिहिले, खरे काय आहे, बस. मूळ वाक्य पुन्हा उद्धृत करू नका. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' ही शब्दरचना वापरूच नका. त्यातला 'तर' लोकांना लगेच दिसतो. खाते हॅक झाले होते असे म्हणायचा मोह होतो. खरेच झाले असेल तर सायबर विभागाकडच्या तक्रारीचा क्रमांक द्या, नाहीतर तो विषयच काढू नका.

त्यानंतर सात दिवस त्या विषयावर एकही नवी पोस्ट नाही, उत्तर नाही, बाजूने लिहिणाऱ्याला लाइकही नाही. घरच्यांना बसवून सांगा, कारण मुलगा किंवा भाचा बापाच्या बाजूने कमेंटमध्ये उतरला की विझत आलेले पुन्हा पेटते. कामगारांकडून चांगले लिहून घेऊ नका. एकाच दुपारी आलेल्या बारा सारख्या कमेंट कोणालाही ओळखू येतात.

दिलेल्या तारखा मात्र पाळायच्या. धुराड्याचा अहवाल मंगळवारी आला नाही तर मंगळवारी संध्याकाळीच तसे लिहा, नवी तारीख घाला आणि पंचायतीच्या सचिवाला फोन करा. तक्रारीसाठी दिलेला क्रमांक कोणाच्या हातात आहे तेही बघा. बऱ्याच ठिकाणी तो गेटवरच्या फोनचा निघतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्या फोनला कोणी चार्जिंगलाही लावलेले नसते.